डोंगरवाट, कुटुंब आणि सौम्यता



सूरह अल-मुल्कच्या 15व्या आयतीत अल्लाहने आपल्या एका उपकाराची आठवण करून दिली आहे. त्याने ही जमीन मानवासाठी वश करून दिली. तेव्हा माणसाने तिच्या खांद्यांवरून चालावे, त्याने दिलेली उपजीविका खावी आणि शेवटी त्याच्याचकडे उठून जायचे आहे हे ध्यानात ठेवावे, असा त्या आयतीचा आशय आहे. मूळ अरबीत 'मनाकिब' हा शब्द आला आहे. मनाकिब म्हणजे खांदे. भाष्यकारांपैकी काहींनी त्याचा अर्थ डोंगर असा घेतला, तर काहींनी वाटा आणि दिशा असा. मराठी माणसाला ही शब्दयोजना परकी वाटू नये. आपणही डोंगराला पायथा, कूस, सोंड, खांदा आणि माथा देतच आलो आहोत.

परंतु या खांद्यांवरून आपण सहकुटुंब कधी चालतो? पुरुष मित्रांबरोबर फिरून येतात. मुले मोबाइलमध्ये रमतात. घरातील स्त्रियांची वाट चुलीपासून अंगणापर्यंत आणि फार तर बाजारापर्यंत जाते. कोणी सहकुटुंब रानात निघालेच, तर 'हे दीनदार घराला शोभते का?' असा प्रश्न विचारणारेही भेटतात. या प्रश्नाचे उत्तर आपण सुन्नतमध्येच शोधले पाहिजे.

प्रेषितांचे रानात जाणे

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. हजरत आयेशा (रजि.) यांना एकाने विचारले की, वस्तीबाहेर मोकळ्या रानात जाण्याविषयी काय सांगाल? त्यांनी सांगितले की, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) उंचावरून पाणी वाहून येणाऱ्या ओहोळांकडे जात असत. एकदा रानात जाण्याचा बेत ठरला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) हजरत आयेशांसाठी (रजि.) एक सांडणी पाठवली. तिच्यावर आजवर कोणी स्वार झाले नव्हते. त्या वेळी त्यांनी आयेशांना (रजि.) सौम्यतेने वागण्याचा उपदेश केला आणि समजावले की, सौम्यता ज्या गोष्टीत असते तिला ती शोभा आणते, आणि जिच्यातून ती काढून घेतली जाते ती गोष्ट कुरूप होते.

या हदीसवर थोडे थांबून विचार करा. सौम्यतेचा हा उपदेश आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो. परंतु तो रानात निघताना, पत्नीला सोबत नेताना दिला गेला, याकडे आपले लक्ष जात नाही. याच संग्रहात प्रवासातील शर्यतीचाही उल्लेख आहे. प्रेषित (सल्ल.) आणि हजरत आयेशा (रजि.) धावले, पहिल्या वेळी आयेशा (रजि.) पुढे गेल्या, काही काळाने प्रेषित (सल्ल.) पुढे गेले आणि त्यांनी हसतखेळत मागचा हिशेब चुकता केला. ज्या घराची मर्यादा सर्व घरांसाठी आदर्श आहे, त्या घरात मोकळ्या हवेला आणि निर्मळ हास्याला जागा होती.

माझी चूक

आता माझ्या एका चुकीविषयी सांगतो. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. गावामागे जांभ्या दगडाची पाखाडी चढते, पुढे ऐन-किंजळीचे रान लागते, एक पऱ्या ओलांडावा लागतो आणि मग उघडा, सपाट सडा. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी पत्नी, दोन मुले आणि अम्मी यांना घेऊन प्रथमच या वाटेने निघालो. मला फजरनंतर भरभर चालण्याची सवय. अर्धी पाखाडी चढून मागे पाहिले, तर अम्मी गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर बसलेल्या, धाकटा मुलगा रडत असलेला आणि पत्नी दोघांना सावरत असलेली. माझ्या तोंडून त्रासिक शब्द निघाले. अशाने वर पोहोचणार कधी, असे मी म्हणालो.

शब्द निघून गेले आणि मला माझे रोजचे काम आठवले. मी इमाम आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत इमामाला आदेश आहे की, लोकांना नमाज पढवताना ती हलकी ठेवावी. कारण मागे दुर्बल, आजारी आणि वृद्ध माणसे उभी असतात. स्वतः प्रेषित (सल्ल.) नमाज लांबवण्याच्या विचाराने उभे राहत, पण एखाद्या बाळाचे रडणे कानी पडले की, त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपशीर करत. मशिदीत मी हा नियम रोज पाळतो. मग पाखाडीवर माझ्या मागे चालणाऱ्यांत वृद्ध नव्हते का? बाळ रडत नव्हते का? नमाजसारख्या श्रेष्ठ उपासनेत दुर्बळासाठी गती आवरायची, आणि साध्या फिरण्यात त्याच्यावर चिडायचे, हे कसले दीनदारपण?

मी खाली उतरलो आणि अम्मींची माफी मागितली. मग अम्मींना पुढे केले आणि आम्ही सगळे त्यांच्या पावलांनी चाललो. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, चढ चढताना आम्ही 'अल्लाहु अकबर' म्हणत असू आणि उतरताना 'सुबहानल्लाह'. बुखारीतील ही सुन्नत मुलांना सांगितली, तसा त्यांचा रुसवा गेला. प्रत्येक पायरीवर तकबीर सुरू झाली. अल्लाह मोठा आहे, हे चढणाऱ्याने म्हणायचे. म्हणजे उंचीचा गर्व होत नाही.

सड्याचा धडा

वर पोहोचल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितले की, लग्न होऊन आल्यापासून लाकूडफाट्यासाठी आणि गवतासाठी त्या या सड्यावर असंख्य वेळा आल्या. पण डोक्यावर भारा नसताना आणि बसण्यासाठी आज प्रथमच आल्या. हे ऐकून माझी मान खाली गेली. घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेला हा आनंद मी आपल्या जन्मदात्रीला इतकी वर्षे दिला नव्हता.

एप्रिल-मेमध्ये हाच सडा पाहिला तर वाटते की, येथे कधी काही उगवणार नाही. तापलेला काळपट कातळ आणि वाळलेले गवत. मृग बरसतो आणि बोटभर मातीतून हिरवळ उठते. भाद्रपदात गेंदाचे पांढरे गोंडे आणि 'सीतेच्या आसवां'चे जांभळे ताटवे कातळभर पसरतात. या दुसऱ्या वनस्पतीची गोष्ट मुलांना फार आवडली. कातळावरच्या मातीत पोषण कमी. म्हणून तिला ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत अगदी बारीक जीव पकडून ती आपले पोषण मिळवते. जिथे माणूस शेती करू शकत नाही, तिथेही अल्लाहने उपजीविकेची सोय केली आहे. सूरह हामीम सजदाच्या 39व्या आयतीत अल्लाह हेच दृश्य दाखवतो: निपचित पडलेली जमीन पाऊस पडताच हालते, फुगते, जो तिला जिवंत करतो, तोच मृतांनाही जिवंत करील. परलोकाविषयी शंका घेणाऱ्याला वादविवादापेक्षा मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात सड्यावर न्यावे.

कोकणातील काही सड्यांवर प्राचीन माणसांनी कातळात कोरलेल्या आकृती आहेत. कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे. या कातळशिल्पांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. ज्यांनी ती कोरली, त्यांची नावेही उरली नाहीत. जमिनीवर फिरून पूर्वीच्या लोकांचा शेवट पाहा, असे कुरआन वारंवार का सांगते, हे अशा ठिकाणी उभे राहिल्यावर कळते.

वाटेचे शिष्टाचार

मोकळ्या कातळावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. जवळ जाल तर ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. मुलांना अशा वेळी तो प्रसंग सांगावा: प्रवासात काहींनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली, ती पंख फडफडवू लागली, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) तिला तिच्या पिल्लांवरून कोणी दुखावले असे विचारून ती परत करवली. मग मुले आपणहून चार पावले मागे सरतात.

वाटेवरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे. मग चिप्सची पिशवी आणि पाण्याची बाटली रानात टाकून येणारा मुसलमान काय दूर करतो आहे? लोकांच्या वाटेत आणि सावलीत घाण करण्यापासूनही आपल्याला कडक शब्दांत रोखले आहे. आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणा. फुलांच्या ताटव्यावर चटई पसरू नका. कोरड्या कातळावर बसा.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण येथेही लागू आहे. शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय घसरतो. चांगली पादत्राणे घाला. पऱ्याला जोराचे पाणी असेल, तर ओलांडू नका. विजा चमकत असतील, तर उघड्या सड्यावर थांबू नका. अंधार पडू लागताच मुलांना घरात घेण्याचीही आपल्याला शिकवण आहे. म्हणून मगरिबपूर्वी परता. जुहर किंवा असरची वेळ झाली, तर काळजीचे कारण नाही. या उम्मतसाठी सारी जमीन मशीद केलेली आहे. आम्ही त्या दिवशी सड्यावर जमाअतने असर अदा केली. नमाज मी नेहमीपेक्षा थोडी हलकी ठेवली.

बंधू-भगिनींनो, रहमानचे दास जमिनीवर नम्रतेने चालतात, असे सूरह अल-फुरकानने सांगितले आहे. ही नम्रता घरच्या वाटेपासून शिकायची असते. येत्या सुटीच्या दिवशी आपल्या गावाजवळची एखादी सोपी टेकडी निवडा. घरात जो सर्वांत हळू चालतो, त्याला पुढे करा.

हे अल्लाह! आमच्या पावलांना नम्रता दे, आमच्या डोळ्यांना तुझ्या निशाण्या ओळखण्याची शक्ती दे आणि आमच्या घरांत सौम्यता नांदू दे. ज्या मातांनी आमचे भारे वाहिले, त्यांना दोन्ही जगांत विसावा दे. आमीन.