रज्जू, सर्प आणि विमान

गेल्या श्रावणात, भंडाऱ्याच्या आमच्या घरी, पुतण्याने संगणकावर नागपूरच्या सोनेगावहून एक लहानसे विमान उडवले, आणि वैनगंगेचे पात्र, धानाच्या बांध्या नि तळ्यांचे चकाकते तुकडे मागे टाकून ते बिरसीच्या धावपट्टीवर उतरू लागले, तेव्हा पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसलेल्या माझा उजवा पाय फरशीवर नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत होता. तेवढ्यात वीज गेली. विमान, नदी, आकाश सारे क्षणात लोपले. पोटरीतला ताठा मात्र मेणबत्ती सापडेपर्यंत उतरला नाही.

विमान मिथ्या आणि भय सत्य, ही कैफियत वेदान्त्यांच्या दप्तरी पूर्वीच दाखल आहे. विष पोटात गेल्याच्या नुसत्या शंकेनेही मरण ओढवते, असा दाखला देऊन शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात असत्यापासूनही सत्य कार्य घडते हे मान्य केले आहे. आणि ज्या अंभोऱ्याला मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ हा वेदान्तग्रंथ रचला असे विदर्भात मानतात, ते आमच्या जिल्ह्याच्या सरहद्दीवर त्याच वैनगंगेकाठी असल्याने मायेचा विचार या मुलखाला परका नाही.

अशा संगणकी विमानांचे मूळ पाहिले, तर ब्रूस आर्टविक यांनी १९७९ साली ॲपल संगणकासाठी जे घरगुती विमान सिद्ध केले, त्याखालची पृथ्वी म्हणजे काळ्या पडद्यावरच्या मोजक्या रेघा होत्या. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याचीच सुधारलेली आवृत्ती काढली. १९९५ च्या ‘एक्स-प्लेन’ या दुसऱ्या संगणकी विमानाने पंखाचे बारीक भाग कल्पून प्रत्येकावरच्या वाऱ्याचे गणित मांडले. आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांच्या आधारे उभी पृथ्वीच घरात आली. या क्रमाला प्रगती म्हणण्यास हरकत नाही. पण चित्र हुबेहूब झाले म्हणून भ्रम बळावला, हे अनुमान मला मंजूर नाही. रेघांच्या त्या पृथ्वीवरूनही माणसे रात्र-रात्र उडत होती. अंधारात साप भासणारी वेदान्त्यांची ती दोरी तरी सापासारखी हुबेहूब कुठे असते? उरलेले काम अंधार आणि पाहणाराचे संस्कार करतात.

गंमत अशी की, ज्या शिकागोच्या मेग्ज फील्डवरून १९८२ चे ते विमान प्रथम उडे, तो खरा विमानतळ २००३ च्या मार्चअखेर महापौरांच्या हुकमाने रातोरात उखडला गेला, आणि त्याच वर्षी निघालेल्या आवृत्तीत तो शाबूत राहिला. व्यावहारिक, म्हणजे रोजच्या व्यवहारातले, सत्य गेले; प्रातिभासिक, म्हणजे नुसते भासणारे, उरले. सत्तेच्या पायऱ्या शास्त्रात लावल्या तशा जगात नेहमी राहतातच असे नाही.

मग सत्य आणि मिथ्या यांत भेद कशात? जे कार्य साधते तेच सत्, हा धर्मकीर्तीचा निकष मला येथे अधिक उपयोगी वाटतो; पवनीचे प्राचीन स्तूप ज्या जिल्ह्यात आहेत तेथे एका बौद्ध आचार्याची साक्ष काढणे अनुचितही नव्हे. कोसळलेले विमान एका कळीसरशी पुन्हा धावपट्टीवर उभे राहते, कुणाच्या घरी सुतक येत नाही. कर्म आहे, पण फळ नाही. तरीही १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत आभासयंत्रावर बसवूनच हात तयार करतात, म्हणजे मिथ्यालाही काही कार्य साधतेच.

पुतण्याच्या संगणकात तीनशेहून अधिक तासांचे उड्डाण जमा आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी सरकारदरबारी दोनशे तास लागतात, आणि त्यांत यातला एकही तास धरला जात नाही.