आजाऱ्याच्या हातची सुई

वाचकहो, आमवातानें बोटें वांकलेल्या आईच्या हातून गोधडी काढून घेणें, ही दया कीं अन्याय? हा व्याधि स्त्रियांस पुरुषांहून दुप्पट-तिप्पट जडतो. सकाळीं सांधे तासभर, कधीं अधिकहि, आखडलेले असतात. हालचालीनें कांहींसे सैल होतात. म्हणून दुपारीं तिनें जुन्या लुगड्यांच्या थरांवर चार धांवदोरे घालावे, बोटें दुखूं लागतांच थांबावें; दोरा सुनेनें ओंवून द्यावा. औषध अर्थातच सोडूं नये. दुखणें देहाचें, घरांतील तिचा वांटा त्यानें बुडत नाहीं. आमच्या घरीं मात्र आईचे वांकडे टांके रात्रीं उसवून सरळ घातले गेले. मी पाहिलें, गप्प राहिलों, आणि त्यालाच प्रीति समजलों. सकाळीं तिनें गोधडीवरून हात फिरविला. पुढें महिनाभर ती सुईला शिवली नाहीं.