सोळा कोटी वर्षं कोणासाठी?

गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मंडळींना तिथल्या खडकात डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली. त्यातल्या हाडांवरून २००३ साली डोक्यावर बुटकं शिंग असलेल्या एका मांसाहारी डायनासोरचं बारसं झालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. पोराबाळांना डायनासोर दाखवायला आता परदेशी जायला नको, शेजारच्या राज्यात गेलं तरी पुरतं, ही फार चांगली गोष्ट झाली. मुलांचे प्रश्न मात्र कुठेही गेलं तरी तेच असतात. केवढा होता, काय खायचा, चावायचा का. आणि हे विचारून झालं की, आता कुठे गेले सगळे? मेले? का मेले? या शेवटच्या प्रश्नाला मोठ्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं: ते गेले म्हणून तर आपण आलो ना! श्रद्धाळू घरात हेच जरा वेगळ्या शब्दांत येतं: देवाने त्यांना नेलं आणि माणसाला आणलं. हे उत्तर चुकीचं आहे असं माझं मत आहे, आणि विज्ञानापेक्षाही धर्माच्या अंगाने ते अधिक चुकीचं आहे.

डायनासोरमुळे अडचण होते ती सहा हजार वर्षांचं जग मानणाऱ्यांची, आपली नव्हे, असा आपल्याकडे एक समज आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात पीटर्सबर्ग इथे २००७ साली उघडलेल्या क्रिएशन म्युझियममध्ये माणसं आणि डायनासोर एकाच काळात वावरताना दाखवले आहेत. आपण ते वाचतो आणि मनातल्या मनात सुखावतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. म्हणजे आमच्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं! त्यावर मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन ही अवतारांची रांग उत्क्रांतीशी जुळवून दाखवली की विषय मिटला. पण केंटकीतल्या त्या लोकांना एक गोष्ट आपल्यापेक्षा नेमकी दिसली आहे, हे कबूल करायला हवं. आदमच्या पापापूर्वी जगात मृत्यू नव्हता, असं त्यांचा धर्म सांगतो. मग माणूस जन्मण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना फाडून खात होते, हे त्यांनी मान्य कसं करायचं? त्यांचं उत्तर साफ चुकीचं आहे, पण प्रश्न खरा आहे, आणि तो वर्षांच्या आकड्याने सुटत नाही. आपल्या दशावतारातही प्राणी येतात ते माणसाकडे नेणाऱ्या पायऱ्या म्हणूनच. त्या रांगेत डायनासोरला जागा नाही, कारण ते कोणाकडेही नेत नव्हते.

गुजरातेतल्याच धोली डुंगरीत सापडलेला एक जीवाश्म या बाबतीत फार बोलका आहे. धनंजय मोहबे या भूवैज्ञानिकांना १९८०च्या दशकात तिथे डायनासोरचं घरटं मिळालं. अंडी होती, नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची नाजूक हाडं होती. ती सगळी हाडं पिल्लाचीच, असं बरीच वर्षं वाटत होतं. २००१ साली जेफ्री विल्सन या अमेरिकन संशोधकाने पाहिलं, तर त्यातले काही मणके सापाचे निघाले. साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला होता, शेजारी आणखी दोन अंडी, आणि जवळच अर्ध्या मीटरचं पिल्लू. टायटॅनोसॉर जातीची ही अंडी अख्खी गिळण्याइतका त्याचा जबडा उघडत नसे, म्हणून तो पिल्लं बाहेर यायची वाट पाहत असावा. पिल्लू बाहेर आलं, साप पुढे झाला आणि बहुधा पावसावादळात आलेल्या चिखलवाळूच्या लोंढ्याने दोघांनाही गाडून टाकलं. या गोष्टीला ६ कोटी ७० लाख वर्षं झाली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात अशा अंड्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. ती घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की प्रचंड देहाच्या त्या आयांना तिथे परत पाय ठेवायला जागाच नव्हती. अंडी घालायची आणि निघून जायचं, अशीच रीत असली पाहिजे. अशी पिल्लं किती जन्मली आणि किती जगली याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आईवडिलांचा हात धरून हे बघणाऱ्या पोराला, ते सगळं तुझ्यासाठी होतं, असं सांगायचं म्हणजे त्या पिल्लाचं मरण आपल्या नावावर जमा करायचं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सस्तन प्राणी पसरले ते डायनासोर गेल्यावरच, हे तर विज्ञानही सांगतं. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ अशनी आदळला नसता तर कदाचित माणूस झालाच नसता. मग ‘ते गेले म्हणून आपण आलो’ यात खोटं काय? कारण म्हणून ते खरं आहे. पण ‘म्हणून’ या शब्दाआड आपण हेतू सरकवून देतो, आणि तिथे घोटाळा होतो. महाराष्ट्रात तर हा घोटाळा आपल्या पायाखालीच आहे. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते; डायनासोर संपण्यात त्याचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञांचा अजून वाद आहे. त्या लाव्हारसाचा सह्याद्री झाला. त्याच लाव्हारसाच्या खडकाची झीज होऊन विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन झाली, तिच्यावर कापूस आणि ज्वारी पिकते. वेरूळचं कैलास लेणं त्याच खडकात वरून खाली कोरत आणलेलं आहे. या जमिनीचे उपकार मानणं वेगळं आणि ती आपल्या कापसासाठी ओतली गेली असं समजणं वेगळं. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि गवत डायनासोरच्या काळातही होतं हे कळलं. आपल्या सगळ्या धान्याचं कूळ ते. कोणीतरी ते आपल्याआधी चरत होतं, आणि त्याच्या दृष्टीने ते त्याचंच होतं.

दुसरा आक्षेप कर्मसिद्धांताचा. जगात विषमता आहे, क्रौर्य आहे, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांनी स्वतःच उभा केला आहे. शंकराचार्य त्यावर सांगतात की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पीक ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे येतं, आणि कर्माची ही साखळी अनादि आहे. प्रश्नाला इतकं सरळ भिडणारं उत्तर जगात फार थोड्या परंपरांनी दिलं असेल. पण डायनासोर त्याच्यासमोर ठेवून पाहिले पाहिजेत. नवं कर्म घडतं ते मनुष्यदेहात, बाकी योनी भोगण्यासाठी, असं आपण कीर्तनातून ऐकत आलो. मग जवळजवळ सोळा कोटी वर्षं या पृथ्वीवर भोगणारे होते आणि करणारा एकही नव्हता. ते कर्म आलं कुठून? आधीच्या सृष्टीतून किंवा इतर लोकांतून, असं शास्त्री सांगतील, आणि तर्काला त्यात फट नाही. मात्र असं उत्तर कुठलाही पुरावा समोर आला तरी तसंच उभं राहतं, कारण ते पुराव्याकडे पाहतच नाही. शिवाय ते व्यवहारात काय करतं, तेही पाहायला हवं. सापाच्या तोंडाशी आलेल्या पिल्लाकडे बघून मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्याला ‘त्याने मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल’ असं सांगायचं? जी करुणा वाढीला लागावी म्हणून आपण मुलांवर संस्कार करतो, ती त्याच्या मनात आपणहून जागी झालेली असताना आपणच ती विझवायची, असा त्याचा अर्थ होईल.

मग श्रद्धेला जागा उरते कुठे, असं कोणी विचारेल. माणूस ज्याच्या केंद्रस्थानी नाही अशा देवाची भक्ती कोण करेल, आणि लहान मुलाला तर आधार हवा असतो. हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. पण वारकरी परंपरेने हा आधार वेगळ्या ठिकाणी शोधला होता. काशीहून रामेश्वराला नेत असलेली कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. ते गाढव पुढच्या जन्मी कोण होणार, त्याचा कोणाला उपयोग काय, हे एकनाथांनी पाहिलं नाही. त्याला तहान लागली होती, एवढ्यावरून पाणी त्याचं झालं. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, त्यातही हेच आहे. या कथांमधला देव प्राण्याच्या ठायी आत्ता, पूर्णपणे आहे. तो प्राणी कशाची तरी पायरी आहे म्हणून नाही. ही दृष्टी आपण वर्तमानातल्या गाढवाला लावतो, तर सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या राजासॉरसला लावायला हरकत काय? ज्याचं लक्ष माणूस येण्यापूर्वीच्या सोळा कोटी वर्षांतही त्या चिखलावर होतं, तो देव मला माणसाची वाट बघत बसलेल्या देवापेक्षा मोठा वाटतो. त्याने ते पिल्लू वाचवलं का नाही, याचं उत्तर यात नाही, हे मी मान्य करते. ते कुठल्याच धर्माकडे नाही, आणि आहे असं मुलांना भासवू नये.

मुलांना आधार हवा असतो हे खरं, पण आपण त्यांच्या धीराला उगाच कमी लेखतो. केवढ्यातरी मोठ्या सांगाड्याखाली उभं राहिलेलं मूल स्वतःच्या लहानपणाने खचत नाही, ते हरखून जातं. तेव्हा ‘का मेले’ याचं सरळ उत्तर द्यावं: आकाशातून मोठा दगड पडला, ज्वालामुखी पेटले होते, ऊन अडलं, झाडं मेली, खायला उरलं नाही; त्यात त्यांची चूक नव्हती. सगळे मेलेही नाहीत, हेही सांगावं. पक्षी हे डायनासोरचेच वंशज आहेत. पिंडाला शिवायची ज्याची आपण हात जोडून वाट बघतो, तो कावळाही त्याच घराण्यातला. त्यावर थोडं मोठं मूल हमखास विचारतं: मग आपणही असेच जाणार का? हो, कधीतरी, असंच म्हणायला हवं. सृष्टी आपल्याबरोबर संपत नाही, प्रलयानंतरही ती पुन्हा सुरू होते असं आपली पुराणंच सांगतात. त्या पुढच्या सृष्टीत माणूस असलाच पाहिजे, असा हट्ट धरायचं आपल्याला काही कारण नाही. आपल्या हातून जगणाऱ्या आणि मरणाऱ्या जिवांची जबाबदारी मात्र आज आपल्यावर आहे. डायनासोरना ती कधीच नव्हती. आणि माळढोकासारखा पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला, त्याचं कारण सांगायची वेळ येईल तेव्हा आकाशातून पडलेला दगड दाखवता येणार नाही.