बोलीमागचा माणूस

महाराष्ट्रातल्या जुन्या बाजारांत सौदा रुमालाखाली होई. अडत्या आणि व्यापारी उपरण्याच्या टोकाखाली एकमेकांचा हात धरत, बोटे आणि पेरे दाबून भाव सांगत, मान हलली की सौदा पुरा. आणि ज्याचा माल, तो शेतकरी हातभर अंतरावर उभा राहून त्या फडक्याच्या हालचालीकडे नुसता पाहत राही. शेतमालाच्या बाजारातून कायद्याने ही रीत हटवली, उघड्या लिलावाचा दंडक घातला, आणि पुण्याजवळच्या चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारातही भाव चारचौघांत पुकारला जाऊ लागला. पुढे त्याच चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि आज भोसरी-तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात जे लिलाव होतात त्यांतल्या कित्येकांत ना पुकारा ऐकू येतो, ना हात दिसतो. कारखान्यातले भंगार, बँकेने ताब्यात घेतलेला गाळा, मोशी-चिखलीकडचा हप्ते थकलेला फ्लॅट, दिवाळ्यात निघालेल्या कंपनीची यंत्रे, सारे काही संगणकाच्या पडद्यावर विकले जाते. पडद्यावर आकडे असतात. त्यांच्यामागे माणसे आहेत असे आपण धरून चालतो. रुमाल गेला असे आपल्याला वाटले होते, पण तो इतका मोठा झाला आहे की आता त्याच्याखाली हातच काय, सारा बाजार झाकला जातो.

लिलाव ही माणसाने आपल्या अज्ञानातून काढलेली वाट आहे. एखाद्या वस्तूची किंमत ठाऊक असेल तर ती दुकानात मांडता येते. ठाऊक नसेल तेव्हाच ती पुकारावी लागते. आपल्याला काय हवे हे आपण समजतो तितके आपल्याला ठाऊक नसते, दुसऱ्याने हात पुढे केला की आपली इच्छा जागी होते, आणि दुसऱ्याने आकडा वाढवला की आपल्याला त्या वस्तूत एकाएकी गुण दिसू लागतात. म्हणून खोटी बोली लावणारा माणूस आपले पैसे लुबाडतो असे म्हणणे अपुरे आहे. तो त्याआधीच आणखी काही लुबाडतो: आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणालातरी हे हवे आहे, हा आपला विश्वास. बनावट नोट खऱ्या नोटांच्या गर्दीत खपते, आणि बनावट इच्छा खऱ्या इच्छांच्या.

भंगाराच्या व्यापाऱ्यांना हे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे लागत नाही. लिलावाआधी माल पाहण्याचा एक दिवस दिलेला असतो, त्या दिवशी असा एक व्यापारी मी पाहिला आहे. लेथवरून निघालेल्या टर्निंगचा, कामगारांच्या भाषेत बरचा, ढीग पत्र्याच्या शेडखाली पडला होता. निळसर, कुरळ्या, धारदार कात्रणांचा ढीग, वरून चमकणारा आणि आत ओला. त्याने वरचा थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर कात्रणे बाहेर काढली, अंगठ्याने चोळली, बोटे नाकाशी नेली. कटिंग ऑइल किती आहे हे त्याला पाहायचे होते, कारण काट्यावर तेलही लोखंडाच्याच भावाने मोजले जाते. मग खिशातून लोहचुंबक काढून त्याने तो ढिगाच्या चार वेगवेगळ्या जागी फिरवला, जमिनीकडे पाहिले, शेडचे पन्हळ कुठे गळते ते पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. 'जसे आहे, जिथे आहे' या शर्तीवर विकल्या जाणाऱ्या मालाविषयीचे सारे ज्ञान त्या पाच-दहा मिनिटांत होते. पुढे पडद्यावर जे घडणार होते त्यात त्याचा आकडा तरी त्याच्या हाताला लागलेल्या तेलातून आलेला असणार होता. याच पट्ट्यातल्या कुदळवाडीच्या भंगारबाजारावर महापालिकेचा बुलडोझर 2025च्या फेब्रुवारीत फिरला, पत्र्याची शेडे गेली. हाताचे हे ज्ञान मात्र त्या माणसांबरोबर पुढच्या गावाच्या वेशीकडे निघून गेले असावे.

न दिसणाऱ्या स्पर्धकाशी लढण्याची सर्वांत भव्य आणि सर्वांत केविलवाणी कथा रोमची आहे. इसवी सन 193मध्ये सम्राटाच्या अंगरक्षक सैनिकांनी पर्टिनॅक्सला ठार केले आणि साम्राज्यच लिलावात काढले. मृत सम्राटाचा सासरा सल्पिसियानस छावणीच्या आत होता आणि डिडियस ज्युलियानस तटाबाहेर. दोघे एकमेकांना दिसत नव्हते. त्या काळी सिनेटमध्ये असलेला इतिहासकार डिओ कॅशियस लिहितो की, सैनिकच याचा आकडा त्याला आणि त्याचा याला सांगत होते, आणि तू किती चढवतोस म्हणून विचारत होते. बोली हळूहळू चढत माणशी वीस हजार सेस्टर्स नाण्यांवर आली, तेव्हा ज्युलियानसने एकदम पाच हजारांची उडी घेतली; मोठ्याने ओरडून, आणि हाताची बोटे उंचावून. राज्य त्याला मिळाले. ते 66 दिवस टिकले, मग त्याचाही वध झाला.

ही कथा वाचणारे बहुधा सत्तेच्या विटंबनेवर थांबतात. मी अडखळतो तो त्या निरोप्यांपाशी. जो निरोप आणत होता, वाढलेला पैसा त्याच्याच खिशात जाणार होता. आतल्या माणसाने खरोखरच वीस हजार म्हटले होते का, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नव्हता, आणि त्याने विचारल्याचेही कुठे दिसत नाही. आजच्या लिलावात सैनिकांच्या जागी संकेतस्थळ आले आहे, म्हणून पहिला प्रश्न तोच उरतो: निरोप्या आणि विक्रेता एकच आहेत की वेगळे? सरकारी भंगारासाठी 1964मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी किंवा सरकारी बँकांच्या तारण मालमत्तांचे बँकनेट यांसारखी तिऱ्हाइताची व्यवस्था असते, तेव्हा निदान निरोप आणणाऱ्याला वाढीव आकड्याचा तितका थेट मोह नसतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी लिलावाची नोटीस, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले संकेतस्थळ, अनामत रक्कम भरायला दिलेले कोणाचे तरी वैयक्तिक खाते: इथे निरोप्या, विक्रेता आणि स्पर्धक तिघेही एकाच देहात नांदत असतात, आणि कित्येकदा वस्तू मुळात नसतेच.

आमच्या पट्ट्यात याचे एक उलटे रूपही आहे, आणि मला ते अधिक क्रूर वाटते. मोठा कारखाना सुट्या भागांची खरेदी उतरत्या बोलीने करतो. पुरवठादार आपापल्या ऑफिसात पडद्यासमोर बसून नगामागे पैसे-पैसे खाली येत राहतात, कारण पडद्यावर फक्त आपला क्रमांक दिसतो आणि प्रत्येकाला 'एल-वन', म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, व्हायचे असते. भोसरीतल्या छोट्या उद्योजकांच्या गप्पांत एक शंका हमखास निघते, की आपल्याखाली जो कोणी उतरला तो खरोखर कोणी होता, की खरेदी विभागातल्याच कोणी तरी तो आकडा टाकला? ही शंका प्रत्येक वेळी खरी असते असे मी म्हणणार नाही. हरणाऱ्याला भुताचा आधार बरा वाटतो. पण शंका खोटी असली तरी तिचे काम ती करतेच. चढत्या लिलावात फसलेला माणूस जास्त पैसे देतो आणि घरी जातो. उतरत्या लिलावात फसलेला माणूस कमी पैशात काम घेतो आणि मग तो तोटा कुठे तरी वसूल करतो. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती, म्हणजे महसूल वसुलीचे हक्क, चढाओढीच्या बोलीने इजाऱ्याने दिल्या जात. मामलेदाराने चढ्या बोलीत गमावलेले पुढे रयतेच्या कोठारातून काढले, हे इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या अहवालातले चित्र आहे. आज रयतेच्या जागी कंत्राटी मजूर असतो, किंवा धातूच्या जाडीतला एखादा दशांश मिलिमीटर.

कौटिल्याला खोटी बोली लावणारी ही माणसे नवीन वाटली नसती. अर्थशास्त्रात घर किंवा जमीन विकताना शेजारच्या चाळीस कुटुंबांसमोर, हद्दी सांगून, तीनदा किंमत पुकारायला सांगितले आहे. चढाओढीने जी वाढ होईल ती शुल्कासह राजाच्या कोशात जावी, असेही त्यात आहे. पहिल्या वाचनात हा राजाचा लोभ वाटतो, आणि तो असेलही. पण वाढीव रक्कम विक्रेत्याला मिळणारच नसेल, तर खोटा स्पर्धक उभा करण्यात त्याला रस कशाला राहील? लोभातून नकळत जन्मलेली ही सावधगिरी मला फार आवडते. आपल्या 1930च्या मालविक्री कायद्यानेही कलम 64मध्ये हेच दुखणे हाताळले आहे: विक्रेत्याने आधी जाहीर न करता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावली, तर खरेदीदार तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो, किंमत वाढवण्यासाठी लटकी बोली झाली, तर विक्री रद्द करण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. अधिकार आहे, हे खरे. पण पडद्यावरच्या आकड्याचा हात धरून त्याला न्यायासनासमोर नेणार कसे?

कधी कधी नेता येते. पुण्यातल्या नागरिक चेतना मंचाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने पुणे महापालिकेच्या घनकचऱ्याच्या निविदा तपासल्या, आणि 2018मध्ये निर्णय दिला तो असा, की तिथली स्पर्धा मुळात स्पर्धाच नव्हती. समोरासमोर उभे असलेले निविदाकार परस्परांच्या संमतीने उभे होते. ठेकेदारीच्या बोलीत याला 'रिंग करणे' म्हणतात. अशा तपासांत गुन्हेगाराला उघडे पाडते ती भव्य अशी कोणतीही गोष्ट नसते: दोन वैऱ्यांच्या निविदा एकाच इंटरनेट जोडणीवरून चढवलेल्या, दोघांच्या अनामतीचे धनाकर्ष एकाच खात्यातून निघालेले, आदल्या रात्रीचे फोन. नाटक सुंदर वठते. घात होतो तो नेपथ्याच्या काटकसरीने.

मग सारे चेहरे उघडे करावेत का? इतके सोपे नाही. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचे जडजवाहीर लिलावात विकले गेले. 2025च्या एप्रिलमध्ये रघूजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती 47 लाख 15 हजार रुपयांना घेतली, पण मध्यस्थामार्फत. खरेदीदार एक सरकार आहे आणि ते भावनेने बांधलेले आहे, हे त्या सभागृहात कळले असते तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. झाकलेला चेहरा कधी लबाडाचा असतो, कधी गरजवंताचा. शिवाय ज्या रिंगणात सारेच एकमेकांना ओळखतात, तिथे रिंग करणे अधिक सोपे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरीने 1961मध्ये मांडलेली युक्ती आठवते: बंद पाकिटे घ्या, वस्तू सर्वांत मोठ्या बोलीला द्या, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके घ्या, म्हणजे प्रत्येकाला आपल्या मनातला खरा आकडा लिहिणेच हिताचे ठरेल. गणिताने माणसाला खरे बोलायला लावण्याचा हा देखणा प्रयत्न होता. मात्र विक्रेत्यानेच वरच्या आकड्याच्या किंचित खाली बसणारे आणखी एक पाकीट सरकवले, की सारी रचना ढासळते. बोली लावणाऱ्यांच्या सचोटीची तजवीज झाली. विक्रेत्याच्या सचोटीची कोणी करायची, हे राहिलेच.

शेवटी मला त्या अनामत रकमेविषयी आदर वाटू लागला आहे. बँकेच्या लिलावात राखीव किमतीच्या साधारण दहा टक्के आधी भरायचे, बोली मिळाली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत बोलीच्या रकमेचे पंचवीस टक्के पुरे करायचे, उरलेले पंधरा दिवसांत. चुकलात तर भरलेले गेले. शब्दाला वजन नसेल तर त्याच्या पायात पैशाचा दगड बांधायचा, असा हा सरळ व्यवहार आहे. पण हा दगड खऱ्या माणसालाच अधिक जाचतो. कर्ज काढून गाळा घ्यायला निघालेल्या, लेथ चालवणाऱ्या टर्नरला ती रक्कम महिनाभर अडकवणे परवडत नाही, आणि ज्याला नुसता भाव चढवून द्यायचा आहे, त्याच्यामागे कोणी दुसराच पैसे घेऊन उभा असतो.

अशा लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत कोणी आकडा वाढवला की वेळ पाच-दहा मिनिटांनी आपोआप पुढे सरकते. त्या लांबत जाणाऱ्या मिनिटांत असाच एक टर्नर घरून ठरवून आणलेल्या आकड्यापाशी थांबला, समोरचा एकदाच पुढे गेला आणि जिंकला. पंधरा दिवसांनी कळले की त्याने उरलेले पैसे भरलेच नाहीत. गाळा फेरलिलावात निघाला आहे. आता टर्नरने कोणता आकडा घेऊन बसावे? जिंकलेली बोली पोकळ होती, एवढे त्याला कळले आहे. पण त्या पोकळ माणसाच्या आधीच्या सगळ्या बोलीही त्यात धरल्या, तर आपण जिथे थांबलो तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेलो होतो की ढकलले गेलो होतो, हे त्याला आता नव्याने मोजावे लागणार आहे. आणि त्यासाठी पुन्हा एकदा भोसरीला जाऊन गाळ्याचे छत, विजेची थकबाकी आणि दारासमोर कंटेनर वळतो की नाही, हे पाहून येणे भाग आहे.