पालकांचा सल्ला आणि मुलांची वाट

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यांतून एक ठराविक देखावा दृष्टीस पडतो. बाप मुलाला घेऊन कोणा शिकलेल्या माणसाच्या दारीं येतो, गुणपत्रक पुढें ठेवितो आणि विचारतो, "याला काय घ्यावें?" बाप ओट्यावर बसतो, आई पदर सांवरून मागें उभी राहते, आणि ज्याच्याविषयीं हें सर्व चाललेलें असतें तो मुलगा खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानें जमीन कोरीत असतो. प्रश्न त्याचा, उत्तर दुसऱ्याचें, आणि त्या उत्तराचे परिणाम मात्र पुनः त्याचेच! हा देखावा आम्हीं पुष्कळ वेळां पाहिला आहे, व पुष्कळ वेळां आम्हीं त्या प्रश्नाला फार लवकर उत्तरही दिलें आहे. आज त्याविषयीं थोडें थांबून विचार करावा, असें मनांत आहे.

वाचकहो, वरवर पाहतां हा प्रश्न शास्त्र, वाणिज्य कीं कला, गणित कीं जीवशास्त्र, एवढाच दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. पंधरासोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविण्याचा अधिकार कोणाचा? आईबापांचा म्हणावा, तर जें आयुष्य जगावयाचें तें त्यांचें नव्हे. मुलाचा म्हणावा, तर त्याला जगाचा अनुभव नाहीं, आणि खर्च सोसणारे दुसरेच आहेत. दोन्ही बाजूंस कांहीं सत्य आहे, म्हणूनच प्रश्न कठिण आहे.

प्रथम हें पाहूं कीं, या वयांतील निवड खरोखर इतकी महत्त्वाची आहे काय? कित्येक म्हणतात, "आतां कांहींही घेऊं द्या, पुढें बदलतां येतें." हें अर्धेंच खरें आहे. वाटा बदलतां येतात, परंतु कित्येक वाटा एकाच बाजूनें मोकळ्या असतात. शास्त्र शाखेंतून बारावी झालेला विद्यार्थी पुढें कलेकडे किंवा वाणिज्याकडे वळूं शकतो. कला शाखेच्या विद्यार्थ्यास मात्र अभियांत्रिकीच्या किंवा वैद्यकीच्या दारांतून आंत जातां येत नाहीं. आमच्या राज्यांत अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र व गणित लागतें. वैद्यकीला आणि बी. एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागतें. अकरावींत जीवशास्त्र ठेवून गणित सोडणाऱ्या मुलीस पुष्कळदां हें कोणीं सांगितलेलेंच नसतें कीं, अभियांत्रिकीचें दार तिनें त्याच दिवशीं आपल्या हातानें लोटून घेतलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शाखाशाखांमधील भिंती काढून टाकाव्या असें म्हटलें आहे खरें, आणि बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण होणारांस वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेस बसण्याची मोकळीक २०२३ सालीं देण्यांत आली. तथापि मागें फिरून उघडलेल्या दारांतून जाण्यास वर्षें लागतात व पैसा लागतो, आणि आमच्या घरांत या दोन्ही गोष्टींची टंचाई असते.

उलट, जीं दारें उघडीं आहेत तींही आम्हांस दिसत नाहींत. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्यें तीन वर्षांची पदविका घेणारास पुढें अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. आय. टी. आय.मध्यें एकदोन वर्षांत वीजतंत्री, जोडारी यांसारखा धंदा हातीं येतो, व १९६१ च्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत उमेदवारीही करतां येते. कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम व सनदी लेखापालाची परीक्षा यांना बारावीच्या शाखेची अट नाहीं. एकवीस वर्षें पूर्ण झालेला कोणताही पदवीधर संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस बसूं शकतो, मग त्याची पदवी मराठीची असो वा रसायनाची असो. म्हणून "शास्त्र घेतलें तरच कांहीं होईल" हें जितकें चूक, तितकेंच "काय घेतलें त्यानें कांहीं बिघडत नाहीं" हेंही चूक.

यावरून एक गोष्ट निघते. ज्याला पुढचा रस्ता ठाऊक नाहीं, त्याच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणतां येत नाहीं. अंधारांत उभ्या असलेल्या माणसास "पाहिजे तिकडे जा" असें सांगणें म्हणजे त्याला मोकळीक देणें नव्हे. तेव्हां पालकांचें पहिलें कर्तव्य सल्ला देणें हें नसून माहिती मिळविणें हें आहे. येथें कित्येक आईबाप म्हणतील, "आम्ही चौथी शिकलेलीं माणसें, आम्हांस काय कळतें?" परंतु बैल घेतांना हाच बाप चार बाजार फिरतो, दहा जणांस विचारतो, दांत पाहतो, चालवून पाहतो. मुलाच्या शिक्षणाविषयीं मात्र तो एकाच घरीं विचारतो व तेंच खरें मानून परत येतो. बैलापुरती चौकशी ज्याला येते, त्याला मुलापुरतीही येईल. शाळेंतील शिक्षक, त्या शाखेंत शिकून गेलेलीं गांवचीं दोनचार मुलें, व त्या शाखेंत अपयश आलेलाही एखादा मुलगा, एवढ्यांस भेटलें तरी पुष्कळ उजेड पडतो.

आतां सल्ल्याकडे वळूं. यांत पालकांकडून दोन चुका होतात. पहिली सक्तीची. तिच्यांत आमचाही वांटा आहे, म्हणून ती गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका घरचा मुलगा दहावींत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. बापाची इच्छा कीं त्यानें डॉक्टर व्हावें. ती ऐकून आम्हांसही आनंद झाला व आम्हीं ती उचलून धरली. मुलाला आम्हीं एक शब्दही विचारला नाहीं. नांव गांवाजवळच्या महाविद्यालयांत व मुलगा शहरांतील शिकवणीच्या वर्गांत, अशी व्यवस्था झाली. जमीन गहाण पडली. एकदां परीक्षा झाली, दुसऱ्यांदा झाली; प्रवेश मिळाला नाहीं. २०२४ सालीं त्या परीक्षेस देशभर २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते, आणि एम. बी. बी. एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. हें प्रमाण आम्हांस तेव्हां ठाऊक असतें, तर निदान दुसऱ्या वाटेची तयारीही बरोबर ठेवा, एवढें तरी आम्हीं सांगितलें असतें. परंतु आमच्या मनाला लागली ती गोष्ट निराळीच. तो मुलगा पुढें एकदां आम्हांस म्हणाला, "प्रवेश मिळाला नाहीं याचें फारसें वाटत नाहीं. दोन वर्षें रोज रात्रीं फोनवर बाबांना 'चांगलें चाललें आहे' असें खोटें सांगत होतों, तें बोचतें."

वाचकहो, सक्तीनें होणारी खरी हानि ही आहे. पैसा गेला तर मिळवितां येतो. वर्षें गेलीं तर आणखी कांहीं वर्षांत भरून निघतात. परंतु बाप व मुलगा यांच्यामध्यें खरें बोलण्याची जी वाट असते, ती बुजली म्हणजे पुढें कोणताच सल्ला तिच्यावरून जाऊं शकत नाहीं. ज्या मुलाला 'नाहीं' म्हणण्याची मुभा नाहीं, त्याच्या 'होय' या शब्दालाही किंमत नाहीं.

दुसरी चूक हिच्या उलट आहे, व ती शिकलेल्या घरांत अधिक दिसते. "तुला आवडेल तें कर, आमचें कांहीं म्हणणें नाहीं," असें म्हणून आईबाप हात झटकतात. यांत उदारपणा दिसतो, पण पुष्कळदां तो केवळ आळस असतो किंवा पुढें दोष येऊं नये म्हणून धरलेली सावधगिरी असते. मुलगा मग मित्रानें घेतलें तें घेतो, किंवा ज्याच्या जाहिरातीचा फलक मोठा त्या वर्गांत जातो. सोळा वर्षांच्या आंतील मुलांस खासगी शिकवणीच्या वर्गांनीं दाखल करूं नये, अशीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें काढलीं. सरकारला जी काळजी वाटली, ती बापाला वाटूं नये काय? आपलें मत मुलाला सांगणें ही सक्ति नव्हे. मत सांगून, त्याचीं कारणें सांगून, नंतर मुलाचें ऐकून घेणें, याला सल्ला म्हणतात.

येथें एक कठिण प्रसंग येतो, व तो टाळून चालणार नाहीं. घरांत गरिबी आहे, बापाची प्रकृति बरी नाहीं, धाकटीं भावंडें आहेत. अशा वेळीं "लांबची पदवी नको, दोन वर्षांत कमाई होईल असें कांहीं घे," असें मुलास सांगणें अन्याय आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कुटुंब हें एकमेकांचें ओझें उचलण्यासाठींच असतें. परंतु तें सांगण्याच्या दोन रीती आहेत. एक बाप म्हणतो, "तुला हेंच जमेल, तुझ्यांत तेवढी कुवत नाहीं." दुसरा म्हणतो, "बाळा, तुझी कुवत आहे, पण माझी नाहीं. आज मला तुझी गरज आहे." पहिला आपली अडचण मुलाच्या अंगावर त्याचाच दोष म्हणून टाकतो. दुसरा आपली अडचण आपली म्हणून पुढें ठेवितो व मुलाकडे साह्य मागतो. दोघांचीही मुलें कदाचित् आय. टी. आय.मध्येंच जातील, परंतु एक मुलगा आपणांस हीन समजत जाईल आणि दुसरा घराचा आधार म्हणून ताठ मानेनें जाईल. पुढें दिवस पालटले तर तोच दुसरा मुलगा रात्रींचा अभ्यास करून पुढची पायरी चढण्याची उमेदही धरील. जें मागावयाचें तें मागणें म्हणून मागावें. त्याला हिताचा वेष चढवूं नये.

हाच नियम बापाच्या महत्त्वाकांक्षेलाही लागू आहे. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या शिक्षणाचा ध्यास प्रथम त्यांचे पति गोपाळराव यांनीं घेतला, व तो त्यांनीं कठोरपणेंही चालविला. परंतु १८८३ सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें जाहीर सभेंत उभें राहून आपण कां जात आहों, याचीं कारणें आनंदीबाईंनीं स्वतः सांगितलीं. दुसऱ्यानें पेटविलेला दिवा तोंपर्यंत त्यांचा स्वतःचा झाला होता. १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी मिळविली. यावरून दिसतें कीं, इच्छा प्रथम कोणाच्या मनांत उपजली हा मुख्य प्रश्न नव्हे. ज्याला चालावयाचें आहे त्याच्या मनांत ती उतरली कीं नाहीं, हा आहे. तुमचा मुलगा "बाबा म्हणतात म्हणून" याखेरीज दुसरें कारण सांगूं शकत नसेल, तर ती इच्छा अजून तुमचीच आहे असें समजावें.

आणखी एक दाखला विषय निवडण्याचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस शाळेंत संस्कृत घ्यावयाचें होतें. अस्पृश्य म्हणून तें त्यांस नाकारण्यांत आलें व त्यांस फारसी घ्यावी लागली. पुढें त्यांनीं स्वतःच्या श्रमानें संस्कृतचें ज्ञान मिळविलें, ही त्यांची थोरवी; परंतु दार लावणाराचा दोष तेवढ्यानें जात नाहीं. आमच्या घरांत आज असें दार कोणाला लावलें जातें? बहुधा मुलीला. मुलगा गणितांत कच्चा असला तरी त्याला शास्त्र, आणि मुलगी हुशार असली तरी "गांवांत जें महाविद्यालय आहे तेंच," असा न्याय चालतो. महाराष्ट्र शासनानें २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कांत पूर्ण सवलत दिली. तेव्हां अशा घरांत शुल्काचें कारण उरत नाहीं. उरतें तें आमचें मन. बसभाडें व वसतिगृहाचा खर्च खरा आहे, पण तो मुलाच्या बाबतींत जसा मोजतों तसाच मुलीच्या बाबतींत मोजावा.

मग शेवटचा शब्द कोणाचा? आमचें मत असें आहे कीं, चौकशी दोघांनीं करावी; खर्चाची मर्यादा पालकांनीं स्पष्ट आंकड्यांत सांगावी; त्या मर्यादेच्या आंत निवड मुलानें करावी; आणि मुलाचें मन ठरत नसेल तर अधिक दारें उघडीं ठेवणारी वाट त्याला झेपेल तोंवर घ्यावी. यांतही चूक होईल. परंतु चूक झाली तर परत येण्यास घराचें दार उघडें आहे, हें मुलाला आधींच सांगून ठेवावें. अपयशानंतर सांगितलेलें तें सांत्वन वाटतें, आधीं सांगितलेलें असेल तर त्यानें धैर्य येतें.

अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज २०२५ पासून आमच्या सर्व राज्यांत ऑनलाइन भरावा लागतो, व त्यांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहावा लागतो. तो अर्ज बहुधा तालुक्याच्या गांवीं एखाद्या दुकानांत, मागें रांग उभी असतांना, घाईनें भरला जातो. आमची विनंति एवढीच आहे कीं, त्या दुकानांत जाण्याच्या आदल्या रात्रीं, जेवणें झाल्यावर, घरच्या मंडळींनीं एकत्र बसावें, आणि त्या वेळीं पहिला शब्द मुलाला बोलूं द्यावा. आमच्या ओट्यावर जो मुलगा खांबाला टेकून उभा राहत असे, त्याला आम्ही आतां प्रथम बसावयास सांगतों आणि गुणपत्रक बापाच्या हातून न घेतां त्याच्या हातून घेतों.