अपुऱ्या माहितीतला न्याय

मूल आईबापांपाशी राहू द्यावे की त्यांच्यापासून दूर न्यावे, हा बालकल्याणाच्या कामातला सर्वांत अवघड निर्णय. भारतात तो घेण्याचा अधिकार 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला दिला आहे. अध्यक्ष व चार सदस्य अशा या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत तिच्यापुढे आणावे लागते. सामाजिक तपासणी 15 दिवसांत पुरी व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा, असे कायदा सांगतो. त्या तपासणीसाठी सामाजिक कार्यकर्ती गृहभेट देते, शेजारी, शिक्षक, अंगणवाडीताई यांच्याशी बोलते आणि अहवाल लिहिते. मुलाची पुढची दहा-बारा वर्षे कशी जातील याचा अंदाज त्या चार पानांतून बांधायचा असतो. तो चुकू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. मग चुकू शकणारा निर्णय घेण्याचा नैतिक अधिकार येतो कुठून?

चूक दोन्ही बाजूंनी होते. इंग्लंडने ती दोन्ही रूपांत पाहिली. ब्रायटनमध्ये नातलगांकडे वाढलेल्या एका मुलीला आईकडे परत पाठवले गेले. 1973 च्या जानेवारीत, वयाच्या सातव्या वर्षी, ती सावत्र वडिलांच्या मारहाणीत मेली. शेजाऱ्यांनी आणि शाळेने आधी तक्रारी केल्या होत्या. मुले वेळीच का काढून घेतली नाहीत, हा प्रश्न त्यानंतर देशभर गाजला. 1987 मध्ये क्लीव्हलँड भागात उलटे घडले. वादग्रस्त वैद्यकीय तपासणीच्या आधारे काही महिन्यांत 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान झाले, अनेकांना घरातून हलवले गेले आणि पुढे त्यांतली बहुतेक परत घरी गेली. एका चुकीवरचा संताप दुसऱ्या चुकीची वाट मोकळी करतो.

यामागे साधे गणितही आहे. समजा, हजार कुटुंबांपैकी दहांमध्ये मुलाच्या जिवाला खरा धोका आहे आणि तपासण्याची पद्धत दहापैकी नऊ वेळा बरोबर ठरते. ती धोक्याची नऊ घरे पकडील, पण उरलेल्या 990 पैकी 99 घरांवरही खोटा ठपका ठेवील. म्हणजे संशयित ठरलेल्या प्रत्येक बारा घरांतली अकरा निर्दोष. कार्यकर्ती कितीही हुशार असली तरी हे प्रमाण तिच्या हुशारीने पुसले जात नाही.

कायद्याची कसोटी ‘मुलाचे सर्वोत्तम हित’ ही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत ती आली. भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. पण समितीपुढे येणाऱ्या मुलाच्या बाबतीत सर्वोत्तम असे बहुधा काही शिल्लकच नसते. दारुडा बाप असलेले घर आणि शंभर मुलांचे बालगृह यांतून निवडायचे असते. गोल्डस्टाइन, अ‍ॅना फ्रॉइड आणि सोलनिट या अभ्यासकांनी 1973 मध्येच सुचवले होते की सर्वोत्तम शोधण्यापेक्षा सर्वांत कमी हानीचा पर्याय शोधावा. ही भाषा रुक्ष आहे, पण अधिक प्रामाणिक आहे. मुलाला दूर नेणे हीसुद्धा एक इजाच आहे, हे ती लपवत नाही.

गरिबीचा प्रश्न इथे सर्वांत टोचतो. राहायला घर नाही आणि उपजीविकेचे साधन दिसत नाही, अशा मुलालाही कायदा संरक्षणाची गरज असलेले मूल मानतो. बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळत बसलेली असते, आईबाप फडात असतात, शाळा सुटलेली असते. याला हेळसांड म्हणायचे का? म्हटले तर दोषी कोण? केवळ गरिबीपायी मुलाला कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांची 2009 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. जी उणीव पैशाने, पाळणाघराने किंवा हंगामी वसतिगृहाने भरता येते, तिच्यासाठी मूल उचलणे हा अन्यायच होय. मग आदेशात हिताची कितीही भाषा असो.

या गुंत्यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी नियम आणि आणखी तक्ते. पण नुसता नियम पाळणे पुरत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाला दरोडेखोरांनी विचारले, लोक कुठे लपले? त्याने खरे सांगितले. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. नियम पाळला, पण समोर काय चालले आहे ते पाहिले नाही, हा त्याचा दोष. अ‍ॅरिस्टॉटल याच पाहण्याला व्यवहारातले शहाणपण म्हणतो. ते सूत्रांतून शिकता येत नाही, अनुभवातून येते. इंग्लंडमधल्या बालसंरक्षणाचा आढावा घेताना आयलीन मन्रो यांनीही 2011 मध्ये हेच दाखवले की नियमपालनावरचा भर वाढत गेला तसा विवेकाला वाव कमी झाला. मात्र अनुभवालाही खोड असते: एकदा मत बनले की त्याला पोषक तेवढेच दिसते. म्हणून मुरलेल्या कार्यकर्तीलाही प्रश्न विचारणारे कुणीतरी हवे.

निर्णयाची पारख परिणामावरून करावी का, हा शेवटचा पेच. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला: सारख्याच काळजीने वागलेल्या दोघांपैकी एकाच्या हातून अनर्थ घडला, तर जग त्यालाच दोषी धरते. गीतेचे उत्तर फळावरचा हक्क सोडण्याचे आहे. पण टिळकांनी ‘गीतारहस्या’त मांडलेला कर्मयोग बेफिकिरी नव्हे, कर्म करण्याआधी कार्याकार्याचा विचार करण्याची जबाबदारी तो कर्त्यावरच ठेवतो. इथे फळ म्हणजे दुसऱ्याचे आयुष्य आहे. ते बिघडले तर दोष नसतानाही कार्यकर्तीला हळहळ वाटते आणि ती वाटणे योग्यच आहे. तिला शिक्षा करणे मात्र योग्य नव्हे.

पारख व्हावी ती निर्णयाच्या दिवशी काय कळू शकत होते यावरून. मुलाला स्वतंत्रपणे विचारले का, विरोधी माहिती मुद्दाम शोधली का, नवे काही समजल्यावर आदेश पुन्हा उघडला का, एवढे तपासता येते. त्यासाठी प्रत्येक आदेशात निवडलेल्या पर्यायाबरोबर नाकारलेल्या पर्यायाचीही कारणे लिहिलेली असली पाहिजेत.