परक्या भाषेतील एकटेपणा



कॅनडात बहुतेक ठिकाणी इंग्रजी चालते. पण क्वेबेक प्रांताची भाषा फ्रेंच. तेथे इंग्रजी बोलणारा अल्पसंख्य ठरतो. १९७७ च्या भाषा कायद्याने कामकाज, व्यापार व शिक्षणात फ्रेंचला अग्रस्थान दिले. २०२२ मध्ये हे नियम अधिक कडक झाले. भोवतालच्या इंग्रजीत आपली भाषा बुडेल, ही फ्रेंच भाषिकांची भीती आपणा मराठी माणसांना समजू शकते. तरीही त्यांच्यामध्ये राहणाऱ्या इंग्रजी भाषिकाचे दुःखही खरे आहे.

तो उपाशी नसतो, बेघर नसतो. दुकानात, बसमध्ये त्याचे काम भागते. पण चारचौघांत हशा पिकतो तेव्हा विनोद त्याला उशिरा कळतो. उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. स्वतःच्या भाषेत हुशार असलेला माणूस तेथे मंद वाटू लागतो. तो मोडकेतोडके फ्रेंच बोलू लागला, तर माँट्रियल शहरात समोरचा पुष्कळदा लगेच इंग्रजीवर येतो. हेतू चांगला असतो. पण त्यामुळे तो पाहुणाच राहतो, घरचा होत नाही.

मग पहिले पाऊल कोणी टाकायचे? येणाऱ्याने भाषा शिकावी, हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही.

१८४७ साली दुष्काळातून पळालेले हजारो आयरिश लोक माँट्रियलला आले आणि त्यांच्याबरोबर टायफसची साथही आली. फ्रेंच भाषिक ग्रे नन्स धर्मभगिनींनी त्यांची शुश्रूषा केली. काही भगिनी त्यातच मरण पावल्या. अनेक अनाथ मुलांना फ्रेंच कुटुंबांनी आपल्या घरात घेतले. त्याच वर्षी इंग्रजी भाषिक कॅथोलिकांसाठी तेथे सेंट पॅट्रिक चर्च खुले झाले. मिस्साबली तेव्हा लॅटिनमध्येच अर्पण होत असे. पण प्रवचन आणि पापकबुली माणसाला स्वतःच्याच भाषेत हवी असते.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी देशोदेशीच्या लोकांना प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. त्यांना आधी गालीलची बोली शिकावी लागली नाही. पवित्र आत्म्याने आधी बोलणाऱ्यांना बदलले. म्हणजे जो आपल्या घरी, आपल्या माणसांत आहे, त्याने आधी पुढे व्हावे. कधी परक्याची भाषा बोलणे हे प्रेम असते, तर कधी त्याची मोडकी वाक्ये धीराने ऐकणे हे प्रेम असते. त्याला काय हवे, हे त्यालाच विचारावे. आणि नवख्यानेही लाज सोडून लहान मुलासारखे चुकत-माकत बोलावे. अशी नम्रता प्रभूला प्रिय आहे.

आपल्या धर्मग्रामातही कामानिमित्त आलेली परप्रांतीय कुटुंबे आहेत. मिस्सा संपताच ती मुकाट्याने घरी जातात. आज चर्चच्या आवारात त्यांच्यापैकी एकाशी तरी बोलू या आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबू या.